संगणकाचा जनक, ज्याचा संगणक कधी पूर्णच झाला नाही

शाळेत एका मार्काचा एक प्रश्न हमखास यायचा. संगणकाचा जनक कोण? उत्तर आपल्या सगळ्यांना पाठ, चार्ल्स बॅबेज. मार्क मिळाला, विषय संपला. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला पुन्हा तेच नाव, तोच करारी चेहऱ्याचा फोटो आणि तेच एक वाक्य. पण या माणसाने ७९ वर्षांच्या आयुष्यात एकही मोठं मशीन पूर्ण केलं नाही, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

ते मला कळलं नोकरीला लागल्यावर, आणि तेही एक मोठी चूक करून बसल्यावर.

झालं असं. आमच्या टीमला दर शुक्रवारी क्लायंटला एक रिपोर्ट पाठवावा लागतो. हाताने करायला ४० मिनिटं. मला वाटलं, आपण इंजिनीअर, आणि कॉपी-पेस्ट करत बसायचं? म्हणून स्क्रिप्ट लिहायला घेतली. मग वाटलं, नुसती स्क्रिप्ट कशाला, डॅशबोर्डच करू. मग त्यात रंगीत चार्ट, मग फिल्टर, मग डार्क मोड. तीन आठवडे गेले. माझ्या नावावर असलेला खरा बग तसाच पडून राहिला. डॅशबोर्ड बघून सगळे वा वा म्हणाले आणि दोन शुक्रवार रिपोर्ट आपोआप गेला.

तिसऱ्या आठवड्यात समजलं, की एका फाइलमध्ये तारीख आधी महिना, मग दिवस अशी येत होती. ३ एप्रिलचा झाला ४ मार्च. स्क्रिप्टने जराही कुरकुर न करता चुकीचे आकडे छान चार्टमध्ये मांडले होते. मग माझी एक सहकारी शनिवार-रविवार माझ्यासोबत बसून जुन्या नोंदी एकेक करून तपासत राहिली. त्या रविवारी तिच्या भावाचा साखरपुडा होता. ती गेली नाही. मला ती एका शब्दाने बोलली नाही, आणि तेच जास्त लागलं.

सोमवारी मॅनेजरने शांतपणे एक हिशोब करायला सांगितला. तीन आठवडे म्हणजे कामाचे १२० तास. दर शुक्रवारी वाचणार ४० मिनिटं. खर्च भरून निघायला किती शुक्रवार लागतील? उत्तर आलं १८०. म्हणजे जवळपास साडेतीन वर्षं. त्या रात्री मी बॅबेजबद्दल वाचायला बसलो, कारण चुकीच्या इनपुटचा किस्सा त्याच्या नावावर आहे एवढं अंधुक आठवत होतं. वाचत गेलो आणि लक्षात आलं, मी केलेली प्रत्येक चूक या माणसाच्या आयुष्यात दोनशे वर्षांपूर्वीच कुठे ना कुठे दिसते. काही त्याने स्वतः केल्या, काहींबद्दल त्याने जगाला आधीच सावध केलं होतं.

कॉम्प्युटर म्हणजे माणूस

बॅबेजचा जन्म २६ डिसेंबर १७९१ रोजी लंडनमध्ये झाला. वडील बँकर, घरात पैसा. १८१० मध्ये तो केंब्रिजला गेला. तिथे जॉन हर्शेल आणि जॉर्ज पीकॉक या मित्रांसोबत त्याने अ‍ॅनालिटिकल सोसायटी काढली. इंग्लंडमध्ये कॅल्क्युलस जुन्या पद्धतीने शिकवतात, युरोपातली सोपी चिन्हं आपल्याकडेही आली पाहिजेत, हा त्यांचा हट्ट होता. म्हणजे साधन नीट असलं तर काम सोपं होतं, ही समज त्याला विशीतच आलेली.

त्या काळी कॉम्प्युटर हे मशीनचं नाव नव्हतं. कागद-पेन घेऊन दिवसभर आकडेमोड करणाऱ्या माणसाला कॉम्प्युटर म्हणायचे. जहाजं चालवणारे, खगोलशास्त्रज्ञ, विमा कंपन्या, सगळ्यांचं काम छापील तक्त्यांवर चालायचं. लॉगॅरिदमचे तक्ते, ताऱ्यांच्या जागांचे तक्ते. ते माणसांनी मोजलेले, माणसांनी उतरवलेले आणि माणसांनीच छापखान्यात जुळवलेले. तिन्ही ठिकाणी चुका व्हायच्या. भर समुद्रात तक्ता चुकला तर जहाज भलतीकडेच जाणार.

१८२१ मध्ये बॅबेज आणि हर्शेल असेच काही तक्ते तपासत बसले होते. चुकांवर चुका निघत होत्या. वैतागून बॅबेजच्या मनात आलं, हे सगळं वाफेच्या इंजिनावर करता आलं तर? माझ्या शुक्रवारच्या रिपोर्टसारखीच ही सुरुवात. फरक एवढाच, की त्याची अडचण खरोखर मोठी होती.

फक्त बेरीज करणारं मशीन

त्याने आधी डिफरन्स इंजिन योजलं. कल्पना साधी आहे, वहीवर करून बघा. वर्गसंख्या घ्या: १, ४, ९, १६, २५. शेजारच्या दोन संख्यांमधले फरक काढा: ३, ५, ७, ९. आता या फरकांचे फरक काढा: २, २, २. म्हणजे दुसऱ्या पायरीवर आकडा बदलतच नाही! पुढचा वर्ग हवा असेल तर गुणाकार नको. ९ मध्ये २ मिळवा, ११ झाले. २५ मध्ये ११ मिळवा, ३६. झाला ६ चा वर्ग. अशा प्रकारे बरेच अवघड तक्ते नुसत्या बेरजेने करता येतात, आणि बेरीज दातेरी चाकांना जमते.

१८२२ मध्ये त्याने एक छोटं मॉडेल करून दाखवलं. लोक खूश. १८२३ मध्ये ब्रिटिश सरकारने १५०० पौंड दिले. जोसेफ क्लेमंट नावाचा अत्यंत कुशल कारागीर कामाला लागला. संपूर्ण मशीनमध्ये साधारण २५ हजार सुटे भाग असणार होते, आणि एकसारखे भाग हजारोंनी काढायची सवय तेव्हाच्या कारखान्यांना नव्हती. त्यामुळे भाग बनवायची हत्यारं आधी बनवावी लागली. वर्षं जात राहिली, पैसे वाढत राहिले.

मध्येच १८२७ साल आलं. त्या एका वर्षात बॅबेजचे वडील गेले, बायको जॉर्जियाना गेली, दोन मुलं गेली. तो खचला आणि काही काळ युरोपात फिरत राहिला. तिथे असतानाच १८२८ मध्ये त्याला केंब्रिजचं ल्युकेशियन प्रोफेसरपद मिळालं. न्यूटनने भूषवलेलं हेच ते पद.

१८३२ मध्ये मशीनचा साधारण एक सप्तमांश भाग जोडून तयार झाला. तो अचूक चालायचा. आज तो लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे. पण पुढच्याच वर्षी वर्कशॉप हलवण्यावरून आणि पैशांवरून क्लेमंटशी बिनसलं आणि काम थांबलं. उरलेले सहा भाग कधीच जोडले गेले नाहीत.

पहिलं अर्धवट, तोवर दुसरं

आता खरी गंमत. काम थांबलं त्या काळात, म्हणजे १८३४ च्या सुमारास, बॅबेजच्या डोक्यात त्याहून भारी कल्पना आली: अ‍ॅनालिटिकल इंजिन. हे मशीन एकाच प्रकारचे तक्ते करणार नव्हतं, सांगाल ते गणित करणार होतं. त्यात आकडे साठवायला एक भाग, आकडेमोड करायला वेगळा भाग. आजच्या भाषेत मेमरी आणि प्रोसेसर. हुकूम द्यायला भोकं पाडलेली कार्डं. ही कार्डं त्याने जकार्ड मागावरून घेतली. सोलापुरी चादरीवरची नक्षी ज्या जकार्डवर विणली जाते, त्याच घराण्यातली ही कल्पना. कुठला धागा वर उचलायचा ते कार्डावरची भोकं ठरवतात.

कल्पना अफाट होती, यात वादच नाही. एडा लव्हलेस या मशीनने झपाटून गेली आणि १८४३ मध्ये तिने त्यावर लिहिलेल्या टिपा आजही अभ्यासल्या जातात. पण सरकारच्या बाजूने विचार करून बघा. त्यांनी एका मशीनला पैसे दिले होते. ते आलं नाही, आणि करणारा माणूस आता म्हणतोय की माझ्याकडे दुसरं, जास्त चांगलं डिझाइन आहे. तोवर सरकारचे १७ हजार पौंडांवर गेले होते. त्या काळी एक रेल्वे इंजिन साधारण ८०० पौंडांत यायचं! १८४२ मध्ये सरकारने अधिकृतपणे हात वर केले.

बॅबेज थांबला नाही. अ‍ॅनालिटिकल इंजिनाची डिझाइन करता करता त्याला कमी भागांत तेच काम कसं करायचं ते समजलं. मग १८४७ ते १८४९ मध्ये त्याने डिफरन्स इंजिन क्रमांक २ चे आराखडे काढले. २५ हजारांऐवजी फक्त ८ हजार भाग, तेही प्रिंटरसकट. काय सुरेख काम होतं ते! पण आता त्याला पैसे द्यायला कुणी तयार नव्हतं.

आपल्याकडे म्हणतात ना, एक ना धड भाराभर चिंध्या. मी हे हसून म्हणत नाहीये. माझ्या लॅपटॉपवर टू-डू लिस्टची पाच ॲप्स आहेत. दर नवीन ॲपमध्ये जुनी यादी हलवायला एक संध्याकाळ जाते, आणि त्या संध्याकाळी यादीतलं एकही काम होत नाही. तरी दिवसभर काम केल्यासारखं वाटतं, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

अर्थात बॅबेजचं मशीन फक्त डिझाइन बदलल्यामुळे राहिलं असं म्हणणं अन्याय होईल. क्लेमंटचं भांडण होतं, पैशांची चणचण होती, बॅबेजचा स्वभावही भांडकुदळ होता. आणि काही फायदे आडवाटेने झाले. क्लेमंटच्या वर्कशॉपमध्ये काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थने पुढे स्क्रूच्या आट्यांचं प्रमाण ठरवलं. पण ज्यासाठी सगळं सुरू झालं ते बिनचूक तक्ते बॅबेजच्या मशीनमधून त्याच्या हयातीत कधीच छापून आले नाहीत.

महागडा माणूस, स्वस्त काम

याहून मोठी गंमत म्हणजे, कामाची उत्पादकता या विषयावर त्या काळात बॅबेजइतका विचार क्वचितच कुणी केला असेल. इंजिनासाठी तो कारखाने बघत फिरला होता. १८३२ मध्ये त्याने यंत्रं आणि कारखानदारीच्या अर्थकारणावर पुस्तक लिहिलं आणि ते चांगलं खपलं.

त्यातला एक मुद्दा आजही त्याच्या नावाने ओळखला जातो. काम वाटून दिल्याने वेग वाढतो हे लोकांना माहीत होतं. बॅबेजने त्यात पैशाची बाजू दाखवली. टाचणी बनवण्यात काही पायऱ्या अवघड असतात, काही अगदी सोप्या. सगळं एकाच कुशल कारागिराने केलं, तर सोप्या पायरीलाही त्याची महागडी मजुरी द्यावी लागते. म्हणून ज्या कामाला जेवढं कौशल्य लागतं तेवढ्याच कौशल्याचा माणूस तिथे लावा. फ्रान्समध्ये प्रोनी नावाच्या इंजिनीअरने तक्ते असेच करून घेतले होते. वर मोजके गणितज्ञ, मध्ये काही जाणकार, आणि खाली बेरीज-वजाबाकी येणारे साठ-ऐंशी जण.

आता हा नियम ऑफिसला लावून बघा. ज्या माणसाला सिस्टिम डिझाइन करायला पगार मिळतो, तो अर्धा दिवस टिकेटचे रंग बदलतोय, स्टेटस तीन ठिकाणी भरतोय, प्रेझेंटेशनमधला फॉन्ट जुळवतोय. सॉफ्टवेअरने ही कामं इतकी सोपी केली की ती आपण स्वतःच करायला लागलो. कुणाला फोन करायला नको, कुणाची वाट बघायला नको. महागडा माणूस स्वस्त कामावर बसला आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. माझ्या डार्क मोडचा हिशोब हाच.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून

आता तो किस्सा, ज्यासाठी मी वाचायला बसलो होतो. बॅबेजला संसदेतल्या लोकांनी दोन वेगवेगळ्या वेळी एकच प्रश्न विचारला होता. एकदा वरच्या सभागृहातल्या सदस्याने, एकदा खालच्या. मशीनमध्ये चुकीचे आकडे घातले, तरी उत्तर बरोबर येईल का? हा प्रश्न पडायला डोक्यात नेमका काय गोंधळ असावा लागतो, तेच आपल्याला समजत नाही, असं बॅबेजने आत्मचरित्रात नोंदवून ठेवलंय.

आपण हसतो. मीही हसलो होतो. पण माझ्या स्क्रिप्टवर मी नेमका हाच विश्वास ठेवला नव्हता का? फाइल कुठून आली, तारीख कशी लिहिली आहे, हे एकदाही बघितलं नाही. चार्ट देखणा आहे म्हणजे आकडे खरे असणार, असं धरून चाललो. हाताने रिपोर्ट करायचो तेव्हा एखादा आकडा विचित्र दिसला की डोळा अडखळायचा. मशीनचा डोळा अडखळत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आणि पोहरा चकचकीत केला म्हणून पाणी गोड होत नाही.

खिडकीखालचा बाजा

म्हातारपणी बॅबेज लंडनमध्ये मशीनपेक्षा दुसऱ्याच गोष्टीसाठी ओळखला जायचा: रस्त्यावर वाजवणाऱ्यांशी भांडण. त्याच्या डॉर्सेट स्ट्रीटच्या घराखाली हँडल फिरवून वाजवायची बाजाची पेटी घेऊन लोक यायचे, बँडवाले यायचे. गणितात डोकं घातलेला बॅबेज दर वेळी तुटायचा. गेल्या बारा वर्षांत आपल्या काम करायच्या ताकदीचा चौथा हिस्सा या आवाजाने खाल्ला, असा त्याने हिशोब मांडला होता. १८६४ मध्ये रस्त्यावरच्या वाजवण्यावर बंधनं आणणारा कायदा झाला, त्यामागे त्याचाही जोर होता.

चौथा हिस्सा! आपल्या खिशात तीच बाजाची पेटी आहे, आणि ती आपण स्वतः विकत घेतलीय. ऑफिसचं चॅट, मेल, व्हॉट्सॲपचा फॅमिली ग्रुप, क्रिकेटचा स्कोअर. प्रत्येक वेळी मान वर, मग पुन्हा कोडमध्ये कुठे होतो ते शोधायचं.

पण गोष्टीची दुसरी बाजूही आहे. बॅबेज वादकांच्या मागे लागला, कोर्टात गेला, हिशोब ठेवत बसला. लोकांना मजा वाटायला लागली आणि ते मुद्दाम त्याच्या खिडकीखाली येऊन वाजवू लागले. म्हणजे आवाजाने खाल्लेल्या वेळेवर भांडणात गेलेला वेळ आणखी चढला. फोकस वाढवणारं ॲप शोधण्यात अख्खी दुपार घालवणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

स्वीडनचे बापलेक

बॅबेज सरकारशी भांडत होता तेव्हा स्टॉकहोममध्ये गेऑर्ग शॉइट्झ नावाच्या एका छापखानेवाल्याने त्याच्या डिफरन्स इंजिनावरचा एक लेख वाचला. त्याने आणि त्याच्या मुलाने, एडवर्डने, मशीन करायला घेतलं. त्यांचं मशीन बॅबेजच्या आराखड्याइतकं देखणं नव्हतं. ते मध्येमध्ये अडखळायचं, सतत लक्ष द्यावं लागायचं. पण १८५३ पर्यंत ते पूर्ण झालं, चाललं आणि विकलंही गेलं. अमेरिकेतल्या एका वेधशाळेने ते घेतलं. त्याच धर्तीचं दुसरं मशीन लंडनमध्ये सरकारी कार्यालयासाठी बनलं आणि १८६४ मध्ये छापलेल्या इंग्लंडच्या आयुर्मानाच्या तक्त्यांसाठी वापरलं गेलं.

म्हणजे बॅबेजच्याच कल्पनेवरून, बॅबेजच्याच शहरात, बॅबेजच्याच सरकारला तक्ते मिळाले, पण दुसऱ्याच्या मशीनमधून. इथे मला बॅबेज मनापासून आवडला. एवढा भांडखोर माणूस, पण शॉइट्झ बापलेकांवर तो जळला नाही. त्यांचं कौतुक केलं, त्यांना मदत केली.

१८ ऑक्टोबर १८७१ रोजी बॅबेज गेला. त्याचा शेवटचा आराखडा कागदावरच राहिला. पुढे त्याच्या जन्माला २०० वर्षं झाली तेव्हा, १९९१ मध्ये, सायन्स म्युझियमने डिफरन्स इंजिन क्रमांक २ चा आकडेमोडीचा भाग बनवला. त्याच्या काळात जमली असती तेवढ्याच अचूकतेने भाग काढले. मशीन चाललं! नंतर प्रिंटरही झाला. म्हणजे डिझाइन बरोबर होतं. फक्त पूर्ण व्हायला हवं होतं.

आता माझा शुक्रवार

तो डॅशबोर्ड मी बंद केला. त्याच्या जागी वीसेक ओळींची एक साधी स्क्रिप्ट आहे. तारीख विचित्र दिसली की ती थांबते आणि मला विचारते. पाठवायच्या आधी एक माणूस डोळ्यांखालून घालतो. ४० मिनिटांचे १५ झाले. दिसायला काहीच भारी नाही.

नवीन टूल हातात घेण्याआधी मी आता तीन गोष्टी कागदावर लिहितो. हे काम हाताने केलं तर किती वेळ लागतो? टूल बसवायला किती लागेल? आणि आत जाणारे आकडे बरोबर आहेत हे कोण बघणार? तिसऱ्याचं उत्तर नसेल तर मी टूल बनवत नाही.

आणि हो, तो पडून राहिलेला बग. तो दुरुस्त करायला मला दोन तास लागले. माझ्या सहकारीच्या भावाचं लग्न पुढच्या महिन्यात आहे. त्या आठवड्यातला तिचा सगळा सपोर्ट मी माझ्या नावावर घेतलाय.